मैदान कोणाचे? कोपा अमेरिका आणि काळा माणूस

१५ जुलै २०२४, सोमवारची सकाळ. अमेरिकेतील मायामी शहरात अर्जेंटिना आणि कोलंबिया यांच्यात कोपा अमेरिकेचा अंतिम सामना चालला होता आणि इथे आमच्या वस्तीतली पोरे एका मोबाइलभोवती डोकी घालून बसली होती. जादा वेळेत लाउतारो मार्तिनेसने गोल केला. अर्जेंटिनाने १-० असा विजय मिळवून ही स्पर्धा सोळाव्यांदा जिंकली आणि आमच्या गल्लीत फटाके वाजले. कोल्हापूरकडच्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. आमच्याकडे पेठापेठांत आणि तालमीतालमीत फुटबॉल रुजलेला आहे. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालणारी पोरे आहेत, तशी पिवळ्या शर्टाचीही आहेत.

दोन-तीन दिवसांनी माझा एक विद्यार्थी घरी आला. अंगात तोच निळा-पांढरा शर्ट होता, पण चेहरा उतरलेला. त्याने मोबाइलवरची एक चित्रफीत पुढे धरली. विजयानंतर बसमध्ये अर्जेंटिनाचे काही खेळाडू गाणे म्हणत होते. एंझो फर्नांडिस या खेळाडूनेच ती चित्रफीत प्रसारित केली होती. गाणे फ्रान्सच्या संघातील काळ्या खेळाडूंवर होते. हे खेळतात फ्रान्ससाठी, पण खरे तर आहेत आफ्रिकेतले, असा त्याचा आशय.

"सर, खाली लिहिलंय ते खरं आहे का?" त्याने विचारले. मी होय म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग आपण कुणासाठी नाचलो?"

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हा लेख लिहीत आहे. खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, चळवळीला त्याचे काय, असे मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही. माणसाला माणूस म्हणून उभे राहू द्यायचे की नाही, हा झगडा पाणवठ्यावर झाला, देवळाच्या दारात झाला, शाळेच्या ओसरीवर झाला. तो मैदानावरही झाला आहे. दक्षिण अमेरिकेत तो या स्पर्धेच्या पहिल्या सामन्यापासूनच झाला.

प्रथम स्पर्धेविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९१६ साली अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्यघोषणेला शंभर वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने ब्वेनोस आइरेस शहरात अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील आणि चिली या चार देशांची स्पर्धा भरवण्यात आली. स्पर्धा चालू असतानाच, ९ जुलै १९१६ रोजी, उरुग्वेच्या एक्तोर रिवादाविया गोमेस यांच्या पुढाकाराने दक्षिण अमेरिकेचा फुटबॉल महासंघ स्थापन झाला. फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा सुरू झाली १९३० साली. म्हणजे ही स्पर्धा तिच्याहून चौदा वर्षांनी जुनी. आज चालू असलेल्या राष्ट्रीय संघांच्या खंडीय स्पर्धांत तीच सर्वांत जुनी आहे. सुरुवातीच्या काळात प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी खेळे आणि ज्याचे गुण अधिक तो विजेता ठरे. १९७५ साली तिला कोपा अमेरिका हे आजचे नाव मिळाले आणि महासंघातील दहाही देश प्रथमच एकत्र खेळले. १९९३ पासून खंडाबाहेरच्या देशांनाही बोलावणे जाऊ लागले. आजवर अर्जेंटिनाने १६ वेळा, उरुग्वेने १५ वेळा आणि ब्राझीलने ९ वेळा ती जिंकली आहे.

हा झाला नोंदवहीतला इतिहास. खरा इतिहास त्याच्या खाली दडलेला आहे.

२ जुलै १९१६ रोजी स्पर्धेचा पहिलाच सामना झाला. उरुग्वेने चिलीला ४-० असे हरवले. त्यांतील दोन गोल इसाबेलिनो ग्रादीन या अठरा वर्षांच्या मुलाने केले. ग्रादीन काळा होता, गुलामांच्या वंशातला. त्याच संघात हुआन देल्गादो हा दुसरा काळा खेळाडू होता. या सामन्यानंतर चिलीच्या बाजूने अशी तक्रार करण्यात आली की, उरुग्वेने संघात दोन आफ्रिकन खेळवले, म्हणून हा निकाल रद्द करावा.

या तक्रारीकडे नीट पाहिले पाहिजे. ग्रादीनने नियम मोडला, असे कोणी म्हणत नव्हते. तो वाईट खेळला असे तर म्हणताच येत नव्हते. तक्रार एकच होती, तो या देशाचा नाही. वास्तविक तो उरुग्वेतच जन्मला होता. ज्या जहाजांनी त्याच्या पूर्वजांना साखळदंडांत बांधून आणले, त्या जहाजांना कोणी परकी म्हटले नाही. त्या माणसांकडून पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेताना ती परकी वाटली नाहीत. त्यांचा पणतू गोल करू लागला, तेव्हा मात्र तो परका ठरला. प्रस्थापितांची ही रीत आपल्याला नवी नाही. घाम गाळताना माणूस गावाचा असतो, वाटा मागताना गावाबाहेरचा होतो.

तक्रार टिकली नाही. उरुग्वेने स्पर्धा जिंकली आणि ग्रादीन तीन गोल करून सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. १९१९ साली दक्षिण अमेरिकेच्या धावण्याच्या स्पर्धांतही त्याने २०० आणि ४०० मीटरच्या शर्यती जिंकल्या. हुआन पार्रा देल रिएगो या पेरूच्या कवीने त्याच्यावर कविता लिहिली.

पण उरुग्वेतच हे का घडले? माझ्या मते त्याचे कारण तिथल्या माणसांच्या चांगुलपणात शोधण्यापेक्षा समाजरचनेत शोधावे. उरुग्वेत गुलामगिरी १८४२ साली कायद्याने संपली. १८७७ पासून तिथे मोफत आणि सक्तीचे शिक्षण आले. १९१५ साली कामगारांना आठ तासांच्या दिवसाचा कायदा मिळाला. ज्या देशातील कामगाराच्या हाती संध्याकाळ असते, त्या देशातील कामगाराचा मुलगा चेंडू खेळू शकतो. ग्रादीन ज्या पेन्यारोल क्लबकडून खेळला, त्याचे मूळ रेल्वेच्या लोकांनी काढलेल्या क्लबात आहे. समतेचा विचार मैदानावर आपोआप येत नाही. त्याच्याआधी शाळा, कामाचे तास आणि पोटापुरता पगार यावा लागतो. आठ तासांच्या दिवसासाठी बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना जे केले, त्याचा अर्थ यावरूनही समजून घेता येईल.

ब्राझीलची गोष्ट याच्या उलट आहे. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली चाळीस लाखांहून अधिक माणसे एकट्या ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवण्यात आली. इतकी दुसऱ्या कोणत्याच देशात नेली गेली नाहीत. गुलामगिरी संपली तीही अमेरिका खंडांतील सर्व देशांच्या शेवटी, १३ मे १८८८ रोजी. स्वातंत्र्य मिळाले, पण जमीन मिळाली नाही, शाळा मिळाली नाही. अशा देशात फुटबॉल आला तो श्रीमंत गोऱ्यांच्या क्लबांतून.

आर्तुर फ्रीडनराइख हा ब्राझीलचा पहिला मोठा खेळाडू. बाप जर्मन वंशाचा, आई काळी. सामन्यापूर्वी तो बराच वेळ आपले कुरळे केस चापूनचोपून सरळ करीत बसे, असे सांगतात. कार्लोस आल्बेर्तो नावाचा दुसरा एक मिश्रवर्णी खेळाडू १९१४ साली रिओच्या फ्लुमिनेन्से क्लबकडून तोंडाला तांदळाची पूड लावून मैदानावर उतरला आणि घामाने ती पूड उतरू लागली तेव्हा प्रेक्षकांनी त्याची टर उडवली, ही कथाही तिथे प्रसिद्ध आहे. मला या दोन गोष्टी विसरता येत नाहीत. आडनाव बदलून शहरात खोली घेणारा आपला माणूस, कचेरीत डबा उघडताना घाबरणारा आपला माणूस, आणि आरशासमोर केस सरळ करणारा फ्रीडनराइख, यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही. लपवणाऱ्याची लाज काढणे सोपे असते. त्याला लपवायला लावणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारणे कठीण असते.

१९१९ची स्पर्धा रिओत झाली. खरे म्हणजे ती १९१८ सालीच व्हायची होती, पण इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे पुढे ढकलली गेली. ब्राझील आणि उरुग्वे यांचे गुण सारखे झाले, म्हणून २९ मे रोजी निर्णायक सामना खेळवण्यात आला. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा अर्ध्या तासातही झाला नाही. पुन्हा अर्धा तास वाढवला गेला. अखेर फ्रीडनराइखने गोल केला आणि ब्राझील पहिल्यांदा दक्षिण अमेरिकेचा विजेता झाला. सारे शहर रस्त्यावर आले. काळ्या आईच्या मुलाने देशाला पहिला मान मिळवून दिला होता.

आता यापुढे काय घडले ते पाहा. १९२० साली ब्राझीलचा संघ चिलीतील स्पर्धेच्या निमित्ताने ब्वेनोस आइरेसमध्ये आला असता तिथल्या एका वृत्तपत्राने ब्राझिलियन खेळाडूंना माकडे म्हणून चितारले. या अपमानावर ब्राझीलच्या सत्ताधाऱ्यांनी काय उपाय शोधला? अपमान करणाऱ्याला जाब विचारण्याऐवजी त्यांनी अपमानित माणसालाच बाजूला सारले. १९२१ची स्पर्धा अर्जेंटिनात होती. राष्ट्राध्यक्ष एपितासिओ पेसोआ यांनी काळे आणि मिश्रवर्णी खेळाडू संघात नेऊ नयेत अशी इच्छा व्यक्त केल्याचे सांगितले जाते. तो लेखी हुकूम होता की तोंडी सूचना, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. फ्रीडनराइख त्या संघात नव्हता, हे मात्र खरे. लिमा बार्रेतो या मिश्रवर्णी लेखकाने त्याच वर्षी या प्रकारावर अत्यंत बोचरा लेख लिहिला. अर्जेंटिनाने ती स्पर्धा जिंकली. तेच त्यांचे पहिले विजेतेपद.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? चांभार समाजात जन्मलेल्या पळवणकर बाळू यांनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले होते. पण पुण्याच्या मैदानावर त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात येई. त्यांचा चेंडू हाती घेतलेला चाले, त्यांच्या हाताचा कप चालत नसे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही मोठ्या वादानंतर. महासागर मध्ये होता, खेळ वेगळे होते, तरी प्रश्न एकच होता: तुझे कौशल्य आम्हाला हवे, तू नको.

१९२३ हे साल ब्राझीलच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. रिओच्या वास्को द गामा क्लबने त्या वर्षी शहराचे विजेतेपद मिळवले. त्या संघात काळे होते, मिश्रवर्णी होते आणि गरीब गोरे कामगारही होते. मोठ्या क्लबांना हे सहन झाले नाही. १९२४ साली त्यांनी वेगळी संघटना काढली. वास्कोला तिच्यात यायचे असेल तर बारा खेळाडू काढून टाकावेत, अशी अट घातली. कारण म्हणून रंगाचा उल्लेख कुठेही नव्हता. अंगमेहनतीचे काम करणारा माणूस खऱ्या अर्थाने हौशी खेळाडू नव्हे, आणि खेळाडूला सामन्याच्या कागदावर स्वतःची सही करता आली पाहिजे, अशा धर्तीचे नियम पुढे केले गेले.

कायदा किती निर्मळ भाषेत बोलतो पाहा! ज्यांना शाळेत येऊ दिले नाही, त्यांनाच सही येत नाही म्हणून बाहेर काढायचे. ज्यांना हाताच्या कामाशिवाय दुसरे काम दिले नाही, त्यांनाच हाताने काम करतात म्हणून कमी लेखायचे. हौशीपणा हा शब्द ऐकायला गोड वाटतो, पण ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता नाही त्यालाच हौस परवडते. वास्कोचे अध्यक्ष जुझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी ७ एप्रिल १९२४ रोजी पत्र लिहून ही अट नाकारली. आमचे खेळाडू काढावे लागणार असतील तर आम्हालाच तुमच्यात यायचे नाही, असा त्या पत्राचा आशय होता. क्लबने खेळाडूंना अक्षरओळख आणि सही शिकवली, आणि वर्गणी गोळा करून १९२७ साली स्वतःचे मोठे मैदान बांधले. नकार, शिक्षण आणि स्वतःच्या पायावर उभे केलेले मैदान, या क्रमाविषयी आपल्या कार्यकर्त्यांना अधिक सांगायला नको.

परंतु इतिहास इथे सुखान्त होत नाही. मैदानाने काळ्या माणसाला जागा दिली, समाजाने दिली का? ग्रादीन १९४४ साली गरिबीत मेला. होसे लेआंद्रो आंद्रादे हा उरुग्वेचा काळा खेळाडू तीन वेळा या स्पर्धेचा, दोन वेळा ऑलिंपिकचा आणि १९३०च्या पहिल्या विश्वचषकाचा विजेता. तोही १९५७ साली मोंतेविदेओत कंगालपणातच गेला. ब्राझीलचा काळा गोलरक्षक बार्बोसा १९४९ साली ही स्पर्धा जिंकणाऱ्या संघात होता. पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवले आणि सारे खापर बार्बोसाच्या डोक्यावर फुटले. अकरा जण हरले, पण गुन्हेगार एक ठरला. २००० साली मरेपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, त्याने तो डाग वागवला. जिंकला तर देशाचा, हरला तर काळा!

त्याच सामन्यातील उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला हाही आफ्रिकन वंशाचा होता. १९४२ साली तो या स्पर्धेच्या विजेत्या संघात होता. पण मला तो अधिक जवळचा वाटतो तो १९४८ साली उरुग्वेतील खेळाडूंनी आपल्या हक्कांसाठी केलेल्या संपाचा पुढारी म्हणून. टाळ्यांवर पोट भरत नाही, हे त्याने ओळखले होते. ग्रादीन आणि वारेला यांच्यात मला हा फरक दिसतो. एकाने पायांनी उत्तर दिले, दुसऱ्याने संघटनेने.

मूळ रहिवाशांचेही इथे स्मरण केले पाहिजे. १९७५ साली पेरूने ही स्पर्धा जिंकली. काराकासला झालेल्या निर्णायक सामन्यातला एकमेव गोल उगो सोतीलने कोलंबियाविरुद्ध केला. सोतीलला लोक 'चोलो' म्हणत. डोंगरातून आलेल्या मूळ रहिवासी वा मिश्रवंशी गरिबाला हिणवण्यासाठी वापरला जाणारा हा शब्द. लिमातल्या गरिबांनी तोच शब्द छाती पुढे काढून उच्चारला. शिवी कोणाच्या तोंडी आहे त्यावर तिचा अर्थ ठरतो, हे दलित साहित्याच्या वाचकाला वेगळे समजावून देण्याची गरज नाही.

आणि स्त्रिया? ब्राझीलमध्ये १९४१ च्या एका फर्मानाने स्त्रियांना फुटबॉल खेळण्यास बंदी झाली. ती उठली १९७९ साली. स्त्रियांची कोपा अमेरिका सुरू व्हायला १९९१ साल उजाडावे लागले, म्हणजे पुरुषांनंतर पंचाहत्तर वर्षे. फोर्मिगा ही काळी खेळाडू पुढे सात विश्वचषक आणि सात ऑलिंपिक खेळली. काळ्या पुरुषाला मैदानाचे दार उघडल्यावरही काळ्या स्त्रीला दाराबाहेर उभे राहावे लागले. आपल्या चळवळीनेही हे आपल्याशी ताडून पाहावे.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येतो. अर्जेंटिना हा गोऱ्यांचा देश आहे असे आपण मानतो, पण हे गोरेपणही घडवलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्वेनोस आइरेसच्या लोकसंख्येत सुमारे तिसरा हिस्सा आफ्रिकन वंशाच्या माणसांचा होता. १८५३ च्या राज्यघटनेने युरोपातून येणाऱ्यांना उत्तेजन देण्याचे कलम घातले. ते कलम आजही आहे. लाखो युरोपीय आले आणि काळी माणसे आधी शिरगणतीतून, मग इतिहासातून पुसली गेली. तरीही १९२५ साली ही स्पर्धा जिंकणाऱ्या अर्जेंटिनाच्या संघात आलेहांद्रो दे लोस सांतोस हा काळा खेळाडू होता. त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

म्हणजे १९१६ ची तक्रार आणि २०२४ चे गाणे यांचा मजकूर एकच आहे. हे आफ्रिकन आहेत, हे इथले नव्हेत! मध्ये एकशे आठ वर्षे गेली. एक फरक मात्र पडला. गाण्याबद्दल फ्रान्सने तक्रार केली, जागतिक महासंघाने चौकशी जाहीर केली आणि फर्नांडिसला जाहीर माफी मागावी लागली. दुसरीकडे, संघाच्या कर्णधाराने माफी मागावी असे सुचवणाऱ्या अर्जेंटिनाच्या क्रीडा उपसचिवाला सरकारने पदावरून दूर केले. अपराध बोलून दाखवणाऱ्याला शिक्षा होते, हेही जुनेच.

बाबासाहेबांनी १९४६ साली डुबॉइस या अमेरिकन निग्रो विचारवंताला पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्य सांगितले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले, तेही काळ्यांच्या लढ्याकडे पाहूनच. हे नाते रक्ताचे नाही, अनुभवाचे आहे. ते दक्षिण अमेरिकेपर्यंत का जाऊ नये?

शर्ट काढून टाक, असे मी त्या मुलाला सांगितले नाही. त्याने नाचावे, खेळावे, फटाके वाजवावेत. आनंदावर आपलाही हक्क आहे. मी त्याला एवढेच सांगितले की, पुढच्या वेळी सामना बघशील तेव्हा मैदानात कोण आहे हे बघ, आणि कोण नाही हेही बघ. ज्या वस्तीत मैदान नाही, त्या वस्तीतला ग्रादीन कुठे खेळेल, हा प्रश्न नगरपालिकेला विचारायचा आहे. पोरांच्या सह्या घ्यायला तो कालपासून फिरतो आहे. आमच्या वस्तीमागच्या पडीक जागेचा अर्ज आहे तो. पहिली सही त्याची, दुसरी माझी.